ओठाखालचा टाका

राजूर, ता. वणी
२३ सप्टेंबर २०२४

प्रिय दीपाताई,

शनिवारी दुपारी सव्वातीन वाजता लालीबाईंनी माझ्या मशीनवर एक फाटका बूट आणून ठेवला. त्याच्या आधीचा राजदीप वेगळा होता. तो आता कोणाला सापडायचा नाही.

तुझ्या शाळेवर रेंज नाही आणि माझ्याकडे मोबाईल नाही. त्याच दिवशी भिंतीवर आपटला. म्हणून हे पत्र झरीच्या बसच्या कंडक्टरजवळ देतोय. तुझ्या आईला, मावशीला, यातलं काही कळवू नकोस.

लालीबाई म्हणजे खेमसिंगची बायको. खेमसिंग इथं कोळशाच्या सायडिंगवर, रेल्वेत कोळसा भरतात तिथं, ट्रकला ताडपत्री बांधतो. गुरुवारी ट्रकवर चढताना त्याच्या उजव्या बुटाचा तळ सुटून लोंबला, त्यातच पाय अडकला आणि तो वरून खाली आला. घोटा मोडलाय, चंद्रपूरला नेलाय. लालीबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी बूट उलटा केला, तळाच्या मधोमध बोट ठेवलं आणि हळूच विचारलं, "भिया, हे निशाण कोनाचं हाय?"

निशाण माझं होतं.

आमचं काम तुला सांगावंच लागेल, नाहीतर म्हणशील एवढ्याशा खुणेचं काय घेऊन बसलास. बुटाचा वरचा भाग बायका शिवतात. तो पायाच्या आकाराच्या लाकडी फर्म्यावर ताणून बसवतात आणि खालून जाड कातड्याचा तळ सोल्यूशननं चिकटवतात. पण नुसता चिकटवलेला तळ कोळशात, चिखलात टिकत नाही, म्हणून तो माझ्या मशीनवर येतो. तळाच्या कडेनं रांपीच्या पात्यानं तिरपी चीर द्यायची, कातड्याचा पातळ ओठ उचलायचा, आणि त्या खाचेतून गरम मेणातला दोरा बुटाच्या आतपर्यंत आरपार घालायचा. मग ओठ परत मिटवून चिकटवायचा, म्हणजे टाका दगडावर घासत नाही. आतून पाताबा, म्हणजे पायाखालचा पातळ थर, बसला की टाका आतूनही झाकला. बूट फाडल्याशिवाय ब्रह्मदेवालाही कळत नाही की शिवलाय की नाही. म्हणून शिवणारा शेवटी तापल्या आरीच्या टोकानं तळावर स्वतःची खूण उमटवतो. खूण म्हणजे जबान. आत टाका आहे, मी घातलाय. ठेकेदाराचा माणूस तेवढीच खूण पाहतो आणि माल उचलतो.

मी सगळ्यांसमोर त्या बुटाचा ओठ उचलला. आत सुईचं एक भोक नाही. एक नाही, ताई! नुसतं वाळलेलं सोल्यूशन, आणि शेजारी माझी खूण.

मालक, म्हणजे किसनराव, चष्म्यावरून बघत म्हणाले, "कॉलेज, खूण तर तुझीच दिसून राह्यली." इथं मला सगळे कॉलेजच म्हणतात. त्यांचा पुतण्या प्रफुल्ल माझा दोस्त, ऑर्डरी तोच आणतो, मला कामावरही त्यानंच लावलं. तो पण खाली मान घालून उभा. मग माझं डोकं फिरलं. मी वामनरावांची कॉलर धरली. शिलाई मला त्यांनीच शिकवली, डोळे अधू झाले म्हणून मशीन त्यांच्याकडून माझ्याकडे आली. मला वाटलं, हाच म्हातारा जळतो. "मशीन गेली म्हणून माझी खूण चोरली काय?" असं मी ओरडलो. ते एवढंच म्हणाले, "पोट्ट्या, हळू धर. शर्ट जुना हाय."

आता मुद्द्याचं. बुटाच्या आत शिक्का आहे, ऑगस्टचा दुसरा आठवडा. त्या आठवड्यात मी राजूरला होतोच कुठं? तुला ताप होता, तू निरोप पाठवलास, मी पाच ते तेरा तुझ्या खोलीवर पेज शिजवत होतो. तेवढंच एका कागदावर लिहून दे. सही कर, हेडमास्तरांचा शिक्का मिळाला तर उत्तम. नाहीतर खेमसिंगचा पाय माझ्या नावावर राहील, ताई. मी आजवर एक टाकाही गाळलेला नाही.

आमच्याकडे वरचे भाग शिवते ती ममता, तिलाही धक्का बसलाय, माझ्याकडे बघवत नाही तिला. तशी ती दीड महिन्यापासूनच गप्प गप्प आहे. पूर्वी दिवसातून दहादा चिडवायची. आमचं पत्र्याचं दार खाली टेकतं, दोन्ही हातांनी उचलल्याशिवाय लागत नाही, म्हणून ते कायम उघडंच. ती शिवता शिवता ओरडायची, "ओ कॉलेज, दार लाव ना! सारी कोळशाची धूळ आत येऊन राह्यली. का तुझा प्रोफेसर येणार हाय लावायले?" आता काही नाही. नवी अंगठी घातली आहे, शिवताना काढून डबीत ठेवते, विचारलं तर लाल झाली. तू बाई आहेस, तुला कळतंच. तिला कुठूनतरी चाहूल लागलीय की मी मागणी घालायला तिच्या घरी जाणार म्हणून. या लफड्यातून सुटलो की जायचंच, तू सोबत चल. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत बाबांना बूट घ्यायला आलो, ती शिलाईवर बसलेली दिसली, आणि पुसदचं बी.एस्सी. तिथंच संपलं. बाबा अजून म्हणतात, "भिंतीवर फोटो कोनाचा लावला हाय ते पाय, आन् मंग सांग तू काय केलं ते."

अजून एक, फक्त तुला. माझी खूण तीन ठिपके आणि त्यांच्याखाली कमान अशी आहे. लोकांना वाटतं नुसतीच नक्षी. ती तिच्या कानातली बाळी आहे.

कागद लवकर पाठव.

तुझा
राजदीप

*

आश्रमशाळा, ता. झरी जामणी
२७ सप्टेंबर

प्रिय राजू,

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. कंडक्टरनं ते नाक्यावर एका पोराजवळ दिलं, त्यानं ते कबड्डी संपेपर्यंत चड्डीत खोचून ठेवलं, त्यामुळे काही अक्षरं घामानं पुसली. पण जेवढं वाचायचं तेवढं वाचता आलं.

आधी वामनरावांकडे जा आणि पाया पड. माणसाच्या गळ्याला हात घालायच्या आधी दहा आकडे मोजावेत हे मी तुला तू तिसरीत असताना शिकवलं होतं. तेव्हाही तू सातवरच मारलंस.

त्या कागदाचं म्हणशील तर मला नेमक्या तारखा आठवत नाहीत रे. हेडमास्तर असल्या भानगडीत शिक्का देणार नाहीत. आणि कागदानं काय होतं? ज्यांना तुझ्यावर ढकलायचं आहे ते ढकलतीलच. त्यापेक्षा तू तिथून नीघ. परीक्षेचा फॉर्म अजून भरता येतो, मी चौकशी केली आहे. एक वर्ष गेलं, गेलं. तुझ्या बाबांना मी समजावीन.

खूण कोणी मारली ते शोधत बसू नकोस. काही गोष्टी शोधून आपलाच जीव सोलला जातो. आणि ममताच्या घरी जाण्याचा विषय आत्ता मुळीच काढू नकोस. मुलगी गप्प आहे म्हणजे लाजतेच आहे, असं नसतं, राजू.

इथे सोयाबीनची काढणी लागली, अर्धा वर्ग आईबापांसोबत शेतात आहे. तू गेल्यापासून चौथीचा वर्ग विचारतो, पेज करपवणारा दादा कधी येणार.

रागावू नकोस.

तुझी
दीपाताई

*

राजूर
१ ऑक्टोबर

दीपाताई,

तारखा आठवत नाहीत? तुला? कोणत्या मुलाचा दात कधी पडला तेही कॅलेंडरवर लिहिणारी बाई तू! मी पाणी भरून आणलं, भांडी घासली, रात्रंदिवस तुझ्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या, आणि तुला दोन ओळी लिहवत नाहीत? हेडमास्तरांना घाबरतेस का? सरळ सांग.

वामनरावांकडे गेलो होतो. पाया पडू दिलं नाही, खाट दाखवली. मग आपले दोन्ही हात माझ्यासमोर धरले. हात असे थरथरत होते जशी बस चालू करून उभी ठेवावी. "या हातानं तुझी कमान निघन काय रे? माझे दोन ठिपके बी धड पडत नाही आता." मला जमिनीत जावंसं वाटलं. मी विचारलं, मग कोणी? त्यांनी सुपारी कातरली. मग म्हणाले, "आरी कोणी मागितली त देऊन टाकाव. खूण देऊ नये. मी त माझ्या बुढीलेही शिकवली नाही. तू कोणाले शिकवली?"

ताई, मी शिकवली होती.

जूनमध्ये एकदा जेवणाच्या सुट्टीत ममता मशीनजवळ आली. म्हणाली, "मले बी शिकव ना. आम्ही काय नुसतं वरचंच शिवत राहावं?" वाया गेलेल्या कातड्यावर मी तिचा हात धरून शिकवलं. तीन ठिपके, मग कमान. हात कितीतरी वेळ सोडला नाही. मला वाटलं जगात कोणी कोणाला याहून मोठं काही दिलं नसेल. पुढं आठ दिवस ती कातड्याच्या तुकड्यांवर बाळ्या काढत होती, मी ते तुकडे गोळा करून घरी ठेवायचो.

काल लालीबाईंच्या दिरांनी सायडिंगवरून अकरा जोड्या आणल्या. चहाच्या टपरीमागं आम्ही एकेक ओठ उचलला. अकराच्या अकरा पोकळ. मग मी त्या खुणा माझ्या घरच्या जुन्या बुटाशेजारी ठेवल्या. आरी जिथं टेकते तिथं डाग खोल पडतो, जिथं उचलते तिथं पुसट. माझी कमान टाचेकडून सुरू होते. या अकरा जोड्यांवर ती पंजाकडून सुरू झालीय. सगळ्यांवर. बूट सगळे टाच डावीकडे ठेवूनच धरतात, म्हणजे काढणारा हात डावा आहे.

आमच्याकडे डाव्या हातानं काम करणारं एकच माणूस आहे. कात्री उलटी धरते म्हणून मी तिला चिडवायचो.

पण तिनं हे मनानं केलं नसणार. नोकरीची भीती घातली असेल, प्रफुल्लनं म्हटलं असेल, किसनरावांनी डोळे वटारले असतील. मी तिला अजून विचारलेलं नाही. आधी तुझा कागद हवाय. कागद हातात असला की मी सुटतो, आणि मी सुटलो की तिला वाचवता येतं. नाहीतर मी काहीही बोललो तरी लोक म्हणतील, स्वतःची मान सोडवायला पोरीचं नाव घेऊन राह्यला.

तू लिहिलंस, गप्प आहे म्हणजे लाजतेच असं नसतं. हे तू कशावरून लिहिलंस? तू तिला कधी भेटलीस?

राजदीप

*

आश्रमशाळा, झरी जामणी
६ ऑक्टोबर

राजू,

मला ताप नव्हता.

हे वाक्य लिहायला मला चार दिवस लागले. आता पुढचं सरळ लिहिते.

ममता जुलैच्या शेवटी इथे आली होती. एकटी. तीन बस बदलून. पावसात भिजलेली, चप्पल हातात. तुझ्या तोंडून माझं नाव ऐकलं होतं म्हणाली. मी चहा केला, तो तिने घेतला नाही. म्हणाली, "ताई, दहा तारखेले माझं साक्षगंध हाय, प्रफुल्लसोबत. राजदीप तिथं राह्यला त मांडव जाळन. तुम्ही बोलावलं त तो येईन. आठ दिवस ठेवून घ्या त्याले." मी विचारलं, त्याला तू सांगितलंस का? ती म्हणाली, "त्याले सांगता येते काय कोणाले काही?"

साखरपुडा होईपर्यंत तुला इथे ठेवायला मी हो म्हटलं. तुझ्या भल्यासाठी असं मी स्वतःला सांगितलं. वाटलं, परत जाशील तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल, चार दिवस रडशील, आणि पुसदला परतशील. मला तू पुसदला परत हवा होतास, खरं ते एवढंच. म्हणून मी निरोप धाडला आणि कपाळावर ओला रुमाल घेऊन पडले. तू रोज पेज करपवायचास आणि मी ती रोज खायचे. एकदा तू बाहेर गेल्यावर मी उठून कपडे वाळत घातले, तू येताना पाहिलेस आणि स्वतःच म्हणालास, वाऱ्यानं वाळले वाटतं. तू किती विश्वास ठेवतोस, राजू. त्याची मला तेव्हा गंमत वाटली होती.

बुटांचं मला काही माहीत नव्हतं, याची शपथ घेते. पण तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं. शिवणारा नव्हता म्हणून तळ शिवले गेले नाहीत. शिवणारा मी काढून नेला होता. तुला तारखा लिहून द्यायच्या तर तुला का बोलावलं तेही कोणी विचारेल, म्हणून मी खोटं लिहिलं की आठवत नाही. मला आठवतं. पाच ऑगस्ट, सोमवार, दुपारच्या बसनं आलास. तेरा ऑगस्ट, मंगळवार, सकाळच्या बसनं गेलास.

कागद सोबत आहे. मी खरं लिहिलं आहे, कोणाच्या सांगण्यावरून तुला बोलावलं तेही. हेडमास्तरांनी शिक्का दिला. विचारलंसुद्धा नाही.

क्षमा मागत नाही. मागितली तर तू देशील, हे मला माहीत आहे, म्हणून.

दीपा

*

वणी, एस.टी. स्टँड
१० ऑक्टोबर

वर काय लिहायचं ते सुचलं नाही, म्हणून सोडून दिलं.

तुझा कागद काल मिळाला. आज सकाळी कारखान्यात गेलो. जाताना ठरवलं होतं काय काय फोडायचं. सोल्यूशनचे डबे, काचेचं कपाट, प्रफुल्लचं तोंड, या क्रमानं.

ममता वरचे भाग शिवत होती. मी तिच्या मशीनसमोर उभा राहिलो. तिनं अंगठी डबीतून काढून बोटात घातली, मग वर पाहिलं. म्हणजे तिला कळलं होतं की मला कळलं.

मी म्हणालो, "मले एकदा सांगायचं होतं."

"काय सांगाव? तू मले एकदा तरी विचारलं काय? कॉलेज सोडलं तूनं, आन् साऱ्या वणीत सांगत फिरला ममतापायी सोडलं म्हणून. मी म्हटलं होतं सोड? तुझ्या बाबानं रस्त्यात थांबवून मले इचारलं, पोरी, माझ्या पोराचं वर्ष काहून घेतलं तूनं. मी काय जबाब देऊ?"

मला हे माहीतच नव्हतं. बाबांनी कधी सांगितलं नाही. मी म्हणालो, "बरं. ते जाऊ दे. बुटाचं सांग."

शेजारच्या बायकांच्या मशिनी एकेक करून थांबल्या.

"थो म्हणे माल अडकून राह्यला," ती प्रफुल्लकडे बोट करून म्हणाली. "खूण मारून दे, नाहीतर उचलणार नाही. पुढच्या खेपीले परत बोलावून शिवून घेऊ म्हणे. मी मारली."

"मंग माझी काहून मारली? तुझी मारायची होती."

तिनं डोळे उचलले, आणि ताई, त्यात कपट नव्हतं. असतं तर मी वाचलो असतो. "माझ्या खुणेवर कोण माल उचलते?" ती म्हणाली. "तुझीच चालते ना."

फोडायचं ठरवलेलं सगळं तिथंच राहिलं.

प्रफुल्लनं मला बाजूला घेतलं. खांद्यावर हात. "भाऊ, घाईत राहून गेलं म्हण ना. खूण त तुझीच हाय. चार दिवस लोक बोलतीन, मंग विसरतीन. पोरीचं नाव कायले आणतो मधात? तुले तिचं वाईट पाहवते काय?" किसनराव खुर्चीतून म्हणाले, "तुले नव्या मशीनवर घेतो बापा. समजून घे." त्यांनी एकदाही विचारलं नाही की खेमसिंगचा पाय कसा आहे. आणि सगळ्यांना माहीत होतं. साक्षगंधाचे पेढे सगळ्यांनी खाल्ले होते, वामनरावांनीसुद्धा. दोन महिने मी त्या अंगठीकडे बघून हसत होतो आणि पंधरा माणसं माझ्याकडे बघत होती.

मी खांद्यावरचा हात काढला आणि मशीनवर बसलो. मेणाचं भांडं तापत ठेवलं. खेमसिंगचा बूट पिशवीतून काढला, लालीबाईंनी दिला होता. पाताबा सोलून काढला, जुनं सोल्यूशन खरवडलं, नवं लावलं, तळ बसवला, ठोकला. मेण पातळ व्हायला वेळ लागतो. तोवर कोणी जेवायलाही गेलं नाही. मग बूट मशीनच्या शिंगावर, म्हणजे वर आलेल्या लोखंडी दांड्यावर, चढवला आणि शिवला. टाचेपासून पंजापर्यंत, पंजापासून टाचेपर्यंत, शेवटी तीन टाके उलटे. असा टाका मी आजवर घातला नव्हता. दोरा कातड्यात असा बसला की नख जाईना.

ओठ मिटवला नाही. उघडाच ठेवला, टाके दिसू देत. खूणही मारली नाही.

दाराजवळ भिंतीला एक फळी आहे. शिवणाऱ्यांच्या खुणा तिच्यावर डागलेल्या आहेत, वामनरावांचे दोन ठिपके सर्वांत वर, माझी खाली. मी रांपी घेतली आणि माझी खूण खरवडली, पांढरं लाकूड निघेपर्यंत. वामनराव कोपऱ्यातून म्हणाले, "ठेव रे पोट्ट्या, जागा ठेव." मी ऐकलं नाही. त्या जागी एक खिळा ठोकला आणि बूट त्यावर उलटा टांगला. तुझ्या कागदाची झेरॉक्स सकाळीच काढली होती, ती बुटात खोचली. ज्याला वाचायचं तो वाचेल. मूळ कागद लालीबाईंकडे दिलाय. त्यांना सायडिंगवरच्या सगळ्यांना सांगायलाही सांगितलंय, ज्या बुटाची कमान पंजाकडे खोल आहे तो पायातून काढा, आजच काढा. त्यांनी ते कागदासारखंच घडी घालून लक्षात ठेवलं.

तू लिहिलंस क्षमा मागत नाही. बरं केलंस. ममताला मी कधी विचारलं नव्हतं, म्हणून तिनं मला सांगितलं नाही, हा हिशेब मला समजतो. प्रफुल्ल धंदेवाला आहे. पण तुला तर मी सगळं विचारून करत आलो. तुझ्या कपाळावरची पट्टी दर दहा मिनिटांनी बदलायचो, आणि ती गरम होत नाही म्हणून मला आनंद व्हायचा. ताप उतरतोय म्हणून.

बाबा शनिवारी नागपूरला दीक्षाभूमीवर चाललेत, मी त्यांच्यासोबत जाईन. त्यांनी विचारलं तर सांगीन, नाही विचारलं तर त्यांच्या शेजारी बसून राहीन. पुढचं माहीत नाही. पुसदचा फॉर्म तू भरू नकोस.

निघताना ममतानं हाक मारली. नावानं. कॉलेज नाही म्हटलं, राजदीप म्हटलं, पहिल्यांदा. मी वळलो नाही. आरी मशीनवर ठेवली, मेणाचं भांडं बंद केलं, बाहेर आलो. रस्त्यावरून कोळशाचा ट्रक गेला आणि धुळीचा लोट सरळ आत शिरला, तिच्या शिलाईवर, फर्म्यांवर, टांगलेल्या बुटावर. मी दोन्ही हातांनी ते पत्र्याचं दार उचललं आणि लावून घेतलं.